लॉकआउट आणि लॉकडाउन

कुलपावरून आलेले दोन इंग्रजी शब्द. मराठी वृत्तपत्रांत दोन्हींसाठी ‘टाळेबंदी’ छापले जाते. मात्र टाळे कोण लावतो, कोणाला लावतो आणि त्या काळाचा पगार कोणी द्यायचा, या तिन्ही बाबतींत ते वेगळे आहेत. मुंबईत टी. जे. रोडवरच्या स्वान मिलच्या आसपासच्या शिवडी, लालबाग, परळ या गिरणगावात टाळेबंदी म्हणजे मालकाने गिरणीच्या गेटला लावलेले टाळे, हाच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला होता. 2020 साली कोरोनाच्या साथीत त्याच शब्दावर दुसरा अर्थ येऊन बसला.

लॉकआउट हे मालकाचे हत्यार आहे. इंग्लंडमधील प्रेस्टन या सूतगिरण्यांच्या गावात 1853-54 मध्ये मालकांनी पगारवाढ मागणाऱ्या कामगारांना गिरण्यांबाहेर ठेवले, हा त्याचा गाजलेला जुना दाखला. भारताच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम थांबवणे किंवा कामगारांना कामावर ठेवण्यास मालकाने नकार देणे, अशी त्याची व्याख्या केली. यातला ‘तात्पुरती’ हा शब्द कळीचा आहे. धंदाच कायमचा बंद केला तर ते क्लोजर. कच्चा माल किंवा वीज नसल्यामुळे काम देता आले नाही तर लेऑफ. संप कामगार करतात. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा लढा संपच होता. नंतर अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत म्हणून त्या लढ्याला टाळेबंदी म्हणणे कामगारांवर आणि इतिहासावर अन्याय करणारे आहे.

लॉकडाउन हा शब्द अमेरिकेतील तुरुंगांतून आला. कैद्यांना कोठडीतच कोंडून ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. लॉकआउटमध्ये माणूस गेटबाहेर राहतो, लॉकडाउनमध्ये घरात. इथे टाळे सरकार लावते, तेही सर्वांना, आणि त्यामागे कुठलाही औद्योगिक तंटा नसतो. 25 मार्च 2020 पासूनच्या देशव्यापी लॉकडाउनला 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार होता. राज्यांनी 1897 चा साथरोग कायदाही वापरला. तो कायदा 1896 साली मुंबईत, मांडवी भागात उघडकीस आलेल्या प्लेगमुळेच झाला होता.

पगाराच्या प्रश्नात हा फरक सर्वांत जास्त बोचतो. लॉकआउट बेकायदा ठरला तर कामगार त्या काळाच्या वेतनावर हक्क सांगू शकतो. लॉकडाउनमध्ये दोषी मालक नसतोच. पूर्ण वेतन द्यावे, असा आदेश केंद्राने 29 मार्च 2020 रोजी काढला आणि 18 मेपासून मागे घेतला. पुढे 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना वाटाघाटी करण्यास सांगितले.

त्यामुळे ‘टाळेबंदी’ हा शब्द लॉकआउटसाठीच राखावा. दुसऱ्या अर्थासाठी लॉकडाउन हा शब्द मराठीत आता पुरेसा रुळला आहे.