दहा दिवसांचं सुतक

कॅसांड्रा नावाच्या डेटाबेसमधली एखादी नोंद तुम्ही पुसली, तर ती लगेच जात नाही. उलट एक नवी नोंद लिहिली जाते: अमुक गोष्ट अमुक वेळी मेली. तिथले लोक या नोंदीला टूमस्टोन म्हणतात, थडग्यावरचा दगड. हा दगड किती काळ ठेवायचा याचा मूळ आकडा आहे ८,६४,००० सेकंद. भागून बघा, बरोबर दहा दिवस येतात. हा आकडा ठरवणाऱ्यांनी आपल्याकडचं सुतक कधी ऐकलं असेल असं वाटत नाही, पण पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं होतं.

दगड ठेवायचाच कशाला? कारण अशा डेटाबेसमध्ये एकच नोंद अनेक मशीनवर असते, बहुधा तीन. समजा एका मंगल कार्यालयाच्या बुकिंगच्या तीन वह्या आहेत, तीन गावांत, तीन कारकुनांकडे. एक कारकून आजारी पडला. त्याच काळात एक लग्न मोडलं, दोघांनी आपापल्या वहीत ‘रद्द’ लिहिलं. तिसऱ्याच्या वहीत बुकिंग तसंच राहिलं. तो आठवड्याने परतला आणि वह्या ताडून पाहिल्या तर भानगड नाही, ‘रद्द’ची ओळ बघून तोही खोडेल. पण तो महिन्याने आला आणि मधल्या काळात दोघांनी वह्या साफ करताना ‘रद्द’ची ओळही काढून टाकली, तर? आता एकाकडे बुकिंग आहे, दोघांकडे काहीच नाही. ‘काहीच नाही’ म्हणजे रद्द झालं, की कळलंच नव्हतं? सांगायला कुणी उरलेलं नाही. मग दोघेही ते बुकिंग निमूट उतरवून घेतात. मोडलेलं लग्न वहीत पुन्हा उभं राहतं. कॅसांड्राच्या दुनियेत याला झॉम्बी म्हणतात, आणि त्यावरचा उपाय म्हणजे दहा दिवसांच्या आत सगळ्या वह्या एकमेकींशी ताडून घेणं.

यातली गंमत अशी की हा बग नाही. ही ठरवून केलेली रचना आहे, नियम कागदावर लिहिलेला आहे. खरे बग याच्या पलीकडे होते. अॅप तुम्हाला ‘सेव्ह झालं’ म्हणतं तेव्हा ते खरं असतं का, हे तपासायला या क्षेत्राला बरीच वर्षं लागली. कॅसांड्राचा इतिहास त्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

सुरुवात फेसबुकमध्ये झाली. इनबॉक्समधले जुने मेसेज शोधता यावेत यासाठी अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी ही यंत्रणा लिहिली. लक्ष्मण त्याआधी अॅमेझॉनमध्ये होते. तिथल्या डायनॅमो या यंत्रणेवरच्या २००७ च्या गाजलेल्या निबंधाच्या लेखकांमध्ये त्यांचं नाव आहे. डायनॅमोचा विचार असा: एखादं मशीन बंद पडलं म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही. आधी नोंद घ्या, मतभेद नंतर मिटवू. कॅसांड्राने तो विचार उचलला. जुलै २००८ मध्ये फेसबुकने कोड सगळ्यांसाठी खुला केला, २००९ मध्ये तो अपाचे फाउंडेशनकडे आला, फेब्रुवारी २०१० मध्ये तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. त्याच वर्षी फेसबुकने आपल्या नव्या मेसेजिंगसाठी एचबेस हा दुसराच डेटाबेस निवडला. जन्मदात्यांनी हात काढून घेतला आणि पोर गावाने वाढवलं, असंच म्हणायला हवं.

नावाचंही सांगायला हवं. ग्रीक पुराणातल्या कॅसांड्राला भविष्य दिसत असे, पण तिला शाप होता की तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. डेटाबेसला असं नाव ठेवणं म्हणजे जरा धाडसच.

मतभेद नंतर मिटवू म्हणणं सोपं आहे. मिटवायचे कसे? कॅसांड्राने साधा मार्ग घेतला: प्रत्येक मूल्यावर वेळेचा शिक्का मारायचा, ज्याचा शिक्का उशिराचा तो जिंकला. म्हणजे सगळा न्याय घड्याळाच्या हाती. आणि दोन मशीनची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. हे नव्याने कळलेलं नव्हतं. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच एका निबंधात दाखवलं होतं की विखुरलेल्या यंत्रणेत ‘आधी कोण’ हे भिंतीवरच्या घड्याळाने ठरवता येत नाही. पण घड्याळ स्वस्त पडतं, म्हणून सगळे तेच वापरतात. तुमच्या मशीनचं घड्याळ दोन मिनिटं मागे असेल, तर तुम्ही आत्ता लिहिलेलं मूल्य आधीच्या जुन्या मूल्यापुढे हरतं. हरल्याचं तुम्हाला कुणी कळवतही नाही.

घड्याळाने दुसऱ्या बाजूनेही इंगा दाखवला. ३० जून २०१२ च्या शेवटी जगाच्या वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट होती, ५ वाजून २९ मिनिटं, आणि त्या मिनिटाला ६१ सेकंद होते. लिनक्सच्या गाभ्यात हा जादा सेकंद हाताळणाऱ्या कोडमध्ये चूक होती. जगभरचे अनेक सर्व्हर, विशेषतः जावामध्ये लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारे, काहीही काम नसताना जीव तोडून धावू लागले. कॅसांड्रा जावातच लिहिलेला आहे. रेडिट त्यावर चालत होतं, तेही काही काळ कोलमडलं. दोष कॅसांड्राचा नव्हता, पण गिऱ्हाइकाला त्याचं काय? उपाय मात्र मजेशीर निघाला: मशीनला तारीख पुन्हा एकदा सांगायची. तीच तारीख, तीच वेळ. रात्रभर जागलेल्या लोकांनी ती एका ओळीची आज्ञा टाइप केली आणि मशीन शांत झाली.

घड्याळावर भागत नाही अशीही कामं असतात. एकच युजरनेम दोघांना द्यायचं नाही, एकच सीट दोघांना विकायची नाही. तिथे ‘नंतर मिटवू’ चालत नाही, लिहिण्याआधीच एकमत लागतं. एकमताची रीत लॅम्पोर्ट यांनीच शोधली होती, पॅक्सॉस. पॅक्सॉस नावाच्या ग्रीक बेटावर एक प्राचीन संसद होती, तिचे सभासद सारखे गैरहजर असत, तरी कायदे कसे व्हायचे, अशी काल्पनिक गोष्ट रचून त्यांनी ती मांडली. परीक्षकांना हा विनोद रुचला नाही. निबंध छापून यायला १९९८ उजाडलं. ही रीत कागदावर पानभरात मावते. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये लिहिलं की ती प्रत्यक्षात उतरवताना त्यांच्या हजारो ओळी झाल्या. सगळा घोळ त्या पानाच्या आणि त्या हजारो ओळींच्या मधल्या जागेत असतो.

सप्टेंबर २०१३ मध्ये कॅसांड्राची २.० आवृत्ती आली, तिच्यात पॅक्सॉसवर आधारलेली ‘लाइटवेट ट्रान्झॅक्शन’ होती. त्याच महिन्यात काइल किंग्सबरी या प्रोग्रॅमरने ती तपासली.

किंग्सबरींची पद्धत कुणालाही सुचावी इतकी साधी होती, तरी त्यांच्या आधी असं जाहीरपणे कुणी फारसं करत नव्हतं. पाच मशीनवर डेटाबेस उभा करायचा. त्यात आकडे लिहीत राहायचे आणि कुठल्या आकड्याला डेटाबेसने ‘सेव्ह झालं’ म्हटलं, याची आपल्याकडे वेगळी यादी ठेवायची. मध्येच मशीनमधलं नेटवर्क तोडायचं, पुन्हा जोडायचं. शेवटी डेटाबेसमध्ये काय उरलंय ते आपल्या यादीशी ताडायचं. बँकेत पैसे भरून पावत्या जपून ठेवणाऱ्या आजोबांचीच ही रीत. या साधनाचं नाव जेप्सन, एका पॉप गायिकेच्या आडनावावरून. ‘मला फोन कर बरं का’ अशा अर्थाचं तिचं गाणं तेव्हा जगभर वाजत होतं, आणि इथे मशीन एकमेकींना फोन लावत होत्या, पण फोन लागत नव्हता.

कॅसांड्राच्या चाचणीत नेटवर्क तोडायचीसुद्धा गरज पडली नाही. सगळं सुरळीत चालू असताना ‘सेव्ह झालं’ म्हटलेल्या आकड्यांपैकी १ ते ५ टक्के गायब होते. पॅक्सॉसचा सिद्धांत बिनचूक होता, तो कोडमध्ये उतरवताना चुका झाल्या होत्या. एक चूक तर अशी, की डेटाबेस ‘तुमचं लिहिणं झालं नाही’ म्हणायचा आणि तरी लिहून टाकायचा. कॅसांड्राच्या लोकांनी चुका मान्य करून दुरुस्त केल्या. हे सहज झालेलं नाही. त्या काळात काही डेटाबेसवाले चाचणीच कशी चुकीची होती हे सांगण्यात वेळ घालवत होते.

पुढच्याच वर्षी टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅसांड्रा, एचबेस, रेडिस अशा पाच यंत्रणांमधल्या १९८ बिघाडांची चिरफाड केली. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात खजील करणारा निबंध हाच. मोठमोठे सर्व्हर झोपवणारे बग कसे असतील? शेकडो मशीन, हजारो घटनांचा विचित्र योग? तसं निघालं नाही. ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी मशीनवर पुन्हा घडवता येत होते. सगळी यंत्रणा कोसळवणाऱ्या बिघाडांपैकी ९२ टक्के ठिकाणी काहीतरी चुकल्याचं कोडला आधीच कळलं होतं, पण कळल्यावर काय करायचं तेच चुकलं होतं. कुठे चूक पकडणारी जागा रिकामी सोडलेली, कुठे तिथे फक्त एक टिपण: ‘टूडू’, म्हणजे इथलं नंतर बघू. प्रोग्रॅमरने सुखाच्या वाटेवरचं कोड मन लावून लिहिलं होतं, आणि संकटात काय करायचं ते सोमवारवर ढकललं होतं. मीही असे ‘टूडू’ सोडलेत. वाचणाऱ्यांत कुणी प्रोग्रॅमर असेल तर त्यानेही सोडले असणार.

एवढं कळल्यावर कॅसांड्रा एकदम सुधारला असं झालं नाही. ३.० नंतर, २०१५ च्या अखेरीपासून, दर महिन्याला नवी आवृत्ती काढायचा प्रयोग झाला: एका महिन्यात नव्या सोयी, पुढच्या महिन्यात फक्त दुरुस्त्या. कागदावर छान दिसणारा हा बेत गुंडाळावा लागला. दर दोन महिन्यांनी नव्या सोयी येत असताना कुठल्या आवृत्तीवर भरवसा ठेवायचा, हे वापरणाऱ्यांना कळेना. मग उलट टोकाचा निर्णय झाला. सप्टेंबर २०१८ पासून ४.० मध्ये नवं काही घ्यायचं नाही, फक्त तपासायचं आणि दुरुस्त करायचं. ही आवृत्ती बाहेर पडली जुलै २०२१ मध्ये. जवळपास तीन वर्षं! या धंद्यात, जिथे नवं काही दाखवल्याशिवाय कुणी टाळ्या वाजवत नाही, एवढा काळ ‘आम्ही सफाई करतोय’ म्हणत बसायला हिंमत लागते.

तपासायची रीतही याच काळात बदलली. फाउंडेशनडीबी नावाच्या डेटाबेसच्या लेखकांनी डेटाबेसच्या आधी त्याची खोटी दुनिया लिहिली होती. सगळी मशीन, नेटवर्क, डिस्क, घड्याळ एकाच प्रोग्रॅमच्या आत नाटकातल्यासारखी उभी करायची आणि संकटं एका आकड्यावरून ठरवायची. तोच आकडा पुन्हा दिला की तीच संकटं त्याच क्रमाने येतात. आठवड्यातून एकदा पहाटे तीनला घडणारा बग आता टेबलावर पन्नास वेळा घडवता येतो. ही कंपनी २०१५ मध्ये अॅपलने घेतली, २०१८ मध्ये कोड खुला झाला. कॅसांड्रासाठीही पुढे असा सिम्युलेटर लिहिला गेला.

सफाईच्या त्या वर्षांत एक जुनं दुखणंही मार्गी लागलं. ते २०१६ मध्येच नोंदवलेलं होतं. पुन्हा तीन वह्यांकडे या. कुणीतरी हॉल मागितला. प्रस्ताव एकाच कारकुनापर्यंत पोचला, त्याने तो टिपून ठेवला, तेवढ्यात फोन तुटला. नंतर तुम्ही विचारलं, ‘हॉल रिकामा आहे का?’ उत्तर दिलं बाकीच्या दोघांनी: रिकामा. दोघे म्हणजे बहुमत, पक्कं उत्तर. थोड्या वेळाने तुम्ही पुन्हा विचारलं. या वेळी पहिला कारकून उत्तर देणाऱ्यांत होता. त्याला अर्धवट राहिलेला प्रस्ताव दिसला आणि तो त्याने नियमाप्रमाणे पुरा केला. उत्तर आलं: भरलेला. मधे कुणीही काही नवं मागितलं नव्हतं. पहिल्या उत्तरावर विसंबून तुम्ही पत्रिका छापायला दिल्या असतील, तर गेलं सगळं.

दुरुस्ती २०२० च्या अखेरीस झाली. ‘रिकामा’ असं उत्तर देण्याआधी कारकुनांनी एक कोरा प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा, म्हणजे त्याआधीचा अर्धवट प्रस्ताव पुन्हा जिवंत होऊ शकत नाही. बरोबर आहे, पण आता नुसतं वाचायलाही मशीनमध्ये एक जादा फेरी पडते. ज्यांची अॅप त्या वेगावर बेतलेली होती त्यांनी काय करायचं? म्हणून दुरुस्तीसोबत ती बंद करायची एक कळही दिली गेली. तिच्या लांबलचक नावात ‘अनसेफ’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये ४.१ आली, तिच्यात पॅक्सॉसचा भाग नव्याने लिहिलेला होता. फेऱ्या जवळपास निम्म्या झाल्या, म्हणजे खरं उत्तर पुन्हा परवडू लागलं. तरी ४.१ बसवली की मुळात जुनीच रीत चालू असते. नवी हवी असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये पॅक्सॉसच्या ओळीपुढे ‘व्ही२’ असं आपल्या हाताने लिहावं लागतं.