ऑक्टेनचा आंकडा

पेट्रोलच्या पंपावर ९१, ९५, क्वचित् १०० असे आंकडे लिहिलेले आपण पाहतों. आंकडा मोठा तितकें पेट्रोल जोरकस, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हा आंकडा शक्तीचा नसून सहनशीलतेचा आहे. आणि तो वाढविण्याचा इतिहास फार बोधप्रद आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्यें हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें व ठिणगीनें पेटतें. दाब जितका अधिक, तितकें त्याच इंधनांतून अधिक काम निघतें; वेगवान् मोटारींचें रहस्य बरेंचसें यांतच आहे. परंतु मर्यादा ओलांडली कीं ज्योत पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें, हातोडीच्या घावांसारखी ठकठक ऐकूं येते आणि दट्टे निकामी होतात. हा दोष इंधनाच्या जातीवर कसा अवलंबून असतो, हें इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यांनीं प्रयोगांनीं दाखविलें.

अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनीं नाना पदार्थ पेट्रोलमध्यें घालून पाहिले. ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगानें ही ठकठक थांबते, असें त्यांना आढळलें. मद्यार्कानेंही ती थांबते, हें त्यांना ठाऊक होतें. पण मद्यार्क पुष्कळ लागे. शिसें अत्यल्प पुरे, शिवाय त्याचें पेटंट घेतां येई. १९२३ सालीं डेटन शहरीं असें पेट्रोल विकूं लागलें. पुढें १९२६ मध्यें ग्रॅहॅम एडगर यांनीं मोजपट्टी सुचविली: आयसोऑक्टेनला १००, हेप्टेनला शून्य. ९५ भाग पहिला व ५ भाग दुसरा यांच्या मिश्रणाइतकें जें टिकतें, तें ९५ ऑक्टेनचें. १९४० सालीं ब्रिटनच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनच्या इंधनाचा मोठा आधार झाला.

परंतु किंमत कोणी दिली? ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत शिशाच्या विषानें कामगार भ्रमिष्ट झाले. पांच मरण पावले. त्याच महिन्यांत मिजलींनीं पत्रकारांसमोर त्या द्रवानें हात धुऊन दाखविले. वास्तविक स्वतः त्यांनाही शिशाची बाधा होऊन गेली होती! १९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेंत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनीं धोक्याचा इशारा दिला, तरी पुढच्या वर्षीं विक्रीस मोकळीक मिळाली. परिणामीं मुलांच्या मेंदूंस घातक असें शिसें अनेक दशकें शहरांच्या हवेंत मिसळत राहिलें. भारतांत शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. मोटारींसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तेथें २०२१ सालीं. ज्या मद्यार्काकडे तेव्हां पाठ फिरविली, तोच आज एथेनॉल या नांवानें आपल्या पेट्रोलमध्यें येतो.

तात्पर्य, आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेला आंकडा प्रमाण मानावा. साध्या इंजिनाला १०० ऑक्टेन पाजणें म्हणजे पैशाचा अपव्यय. आणि मोठ्या दाबाच्या इंजिनाला कमी ऑक्टेन दिलें, तर आजचीं यंत्रें ठकठक ओळखून ठिणगीस विलंब लावतात व शक्ति घटते. मात्र नागरिकानें आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हा आंकडा कशाच्या बळावर वाढविला आहे? पूर्वीं हा प्रश्न विचारणारे थोडे होते, आणि ऐकणारे त्याहून थोडे.