पाळीव प्राण्याला भूल द्यायची आहे? आधी हे समजून घ्या

नसबंदी असो, दातांची सफाई असो की मोडलेलं हाड बसवणं, प्राण्याला पूर्ण भूल द्यावीच लागते. एक्स-रेसाठीसुद्धा कधी कधी गुंगीचं इंजेक्शन दिलं जातं, कारण प्राण्याला 'हलू नकोस' असं सांगता येत नाही.

धोका किती असतो?

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ दरम्यान झालेल्या मोठ्या पाहणीत भूल किंवा गुंगीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळलं. कुत्र्यांचे जवळपास निम्मे आणि मांजरांचे सुमारे ६० टक्के मृत्यू ऑपरेशन संपल्यानंतर झाले, त्यातले बरेचसे पहिल्या ३ तासांत. म्हणजे टाके घातले की धोका टळला, असं नसतं.

उपाशी कुणाला ठेवायचं?

भूल दिल्यावर गिळण्याची क्रिया थांबते. पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेततं. म्हणून कुत्र्या-मांजरांना काही तास उपाशी ठेवतात. पण लहान पिल्लांची साखर पटकन उतरते, त्यामुळे त्यांचा उपास थोडाच असतो. सशाला उलटी होत नाही आणि उपाशी राहिल्यास त्याचं आतडं मंदावतं, म्हणून त्याला सहसा उपाशी ठेवत नाहीत. नेमके तास डॉक्टरांनाच विचारावेत.

गाईचं ऑपरेशन उभ्यानेच का?

आडवं पाडल्यावर गाईच्या पोटात वायू साठून पोट फुगतं आणि फुप्फुसांवर दाब येतो. त्यामुळे सिझेरियनही अनेकदा कुशीचा भाग बधिर करून, गाय उभी असतानाच करतात. औषधाचा डोसही प्राण्यागणिक बदलतो. झायलाझीन हे गुंगीचं औषध गाईला घोड्याच्या सुमारे एक दशांश मात्रेतच पुरतं.

कोणाची जास्त काळजी?

पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट अरुंद असते. म्हणून त्यांच्या श्वासनलिकेतली नळी ते नीट जागे झाल्यावरच काढतात. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांवर थायोपेंटोनचा अंमल बराच वेळ राहतो, त्यामुळे त्यांच्यासाठी दुसरं औषध निवडतात.

मालकाने काय करावं?

प्राण्याचं वय, आधीचे आजार, चालू औषधं आणि शेवटचं खाणं खरं खरं सांगावं. चुकून बिस्किट दिलं असेल, तर तेही लपवू नये. रक्ततपासणी लागेल का आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण थांबेल, हे आधीच विचारावं.

घरी आणल्यावर त्याला उबदार, शांत जागी ठेवावं. पूर्ण सावध होईपर्यंत खायला घालू नये. दुखतंय म्हणून माणसांची गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. श्वासाला त्रास होत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा प्राणी जागाच होत नसेल, तर लगेच दवाखाना गाठावा.