स्वयंचलित फिरत्या यंत्रमानवातील संवेदक व आज्ञावली

स्वयंचलित फिरता यंत्रमानव म्हणजे चालकाविना, स्वतःची वाट स्वतः ठरवून हालचाल करणारे यंत्र होय. आपण कोठे आहोत, समोर काय आहे आणि पुढे कसे जायचे, हे त्याला सतत ठरवावे लागते. संवेदक म्हणजेच सेन्सर केवळ मापे पुरवितात. त्यांचा अर्थ लावण्याचे काम आज्ञावली म्हणजेच सॉफ्टवेअर करते. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील 'शेकी' (१९६६–१९७२) हा या प्रकारचा आरंभीचा यंत्रमानव. मार्ग शोधण्याची 'ए-स्टार' ही प्रसिद्ध रीत १९६८ मध्ये याच प्रकल्पातून पुढे आली.

फायर बर्ड ५

महाराष्ट्रातील उल्लेखनीय उदाहरण म्हणजे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'ई-यंत्र' उपक्रमात विद्यार्थ्यांच्या हाती दिला गेलेला 'फायर बर्ड ५'. याच्या तळाशी पांढरी रेषा ओळखणारे तीन संवेदक, भोवती अवरक्त प्रकाशाचे आठ निकटता-संवेदक, अंतर मोजणारे शार्प कंपनीचे संवेदक आणि चाकांचे फेरे मोजणारे दोन एन्कोडर असतात. चाकाचा व्यास ५१ मिमी असून एका फेऱ्यात ३० स्पंदने मिळतात. म्हणजे दर स्पंदनामागे सुमारे ५.३ मिमी अंतर. चाक घसरले तरी स्पंदने मोजली जातातच, आणि ही चूक पुढे साचत जाते.

निकटता-संवेदक परत आलेल्या प्रकाशाची तीव्रता मोजतो, त्यामुळे काळी वस्तू त्याला नीट 'दिसत' नाही. शार्पचा संवेदक परावर्तित किरणाच्या दिशेवरून अंतर काढतो, म्हणून रंगाचा त्यावर परिणाम कमी होतो. मात्र १० ते ८० सेंमी पल्ल्याच्या संवेदकाला १० सेंमीपेक्षा जवळची वस्तू दूर असल्यासारखी भासते. धडक होते ती नेमकी अशा वेळी.

प्रयोगशाळेबाहेर

बंदिस्त खोलीत चालणारी निवड शेतात चालेलच असे नाही. वाशिम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावाच्या शिवारात पिकांच्या ओळींतून यंत्र चालवायचे ठरविल्यास भर उन्हातील अवरक्त किरणे वरील संवेदकांना चकवितात आणि ओल्या काळ्या मातीत चाके घसरतात. ध्वनिलहरींच्या संवेदकावर उन्हाचा उजेड परिणाम करीत नाही. पण ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.६ मीटर प्रतिसेकंद वाढतो, म्हणून १० अंशांची सकाळ आणि ४५ अंशांची दुपार यांत अंतराचे माप सुमारे सहा टक्क्यांनी बदलते. तापमानाची दुरुस्ती आज्ञावलीत केली तरच ते विश्वसनीय ठरते. साध्या उपग्रह-स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक संभवते. ओळींतील अंतर मीटरभराच्या आत असेल, तर यंत्र दुसऱ्याच ओळीत शिरून उभे पीक तुडवील. आर.टी.के. पद्धतीने ही चूक काही सेंटिमीटरांवर येते, पण खर्च वाढतो. लेझर किरणांचा लायडार अचूक असला तरी हलणारे पानही त्याला अडथळाच वाटते.

आज्ञावलीची निवड

एकाच संवेदकावर विसंबणे धोक्याचे असल्याने अनेकांची मापे एकत्र करतात. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलेली गाळणी यासाठी सर्वाधिक वापरली जाते. ज्या मापात अनिश्चितता जास्त, त्याला ती कमी महत्त्व देते.

आज्ञावली मोठी की लहान, हे यंत्रावरील संगणक ठरवितो. फायर बर्डमधील एटीमेगा २५६० या नियंत्रकाची कार्यस्मृती अवघी ८ किलोबाइट असल्याने त्याची आज्ञावली सी भाषेत थेट लिहिली जाते. कॅमेरा वा लायडार जोडायचा असल्यास लिनक्सवर चालणारा संगणक आणि 'रॉस' ही मुक्त प्रणाली सोयीची पडते. तिच्या पहिल्या पिढीच्या अखेरच्या आवृत्तीची देखभाल मे २०२५ मध्ये थांबली असल्याने नव्या कामासाठी 'रॉस २' घेणेच इष्ट. 'गझीबो' या आभासी जगात आज्ञावली आधी तपासता येते. चिखल आणि ऊन मात्र तेथे शेतातल्यासारखे नसते.