घरमालकीण दोषी, मग समाज निर्दोष कसा?

मध्यंतरी एका अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "ताई, इंग्लंडमध्ये जात नव्हती. मग तिथल्या बाईला कसला जाच?" प्रश्न प्रामाणिक होता. युरोपातली बाई पहिल्यापासून मोकळी होती असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. उत्तर म्हणून मी त्याला एका नाटकाबद्दल सांगितले. तेच इथे सविस्तर मांडते.

१९५१ साली लंडनमध्ये सिल्व्हिया रेमन या लेखिकेचे 'विमेन ऑफ ट्वायलाइट' हे नाटक रंगभूमीवर आले. एका खुनी माणसाची प्रेयसी गरोदर आहे. त्याला फाशीची शिक्षा होते आणि तिला कुणी भाड्याने खोली देत नाही. शेवटी तिला हेलन अ‍ॅलिस्टर नावाच्या बाईच्या घरात जागा मिळते. तिथे सगळ्या तिच्यासारख्याच कुमारी माता. बायका कामावर जातात, बाळे मागे राहतात. घरमालकीण त्यांच्याकडून पैसे उकळते आणि बाळांची मात्र हेळसांड करते. हळूहळू बाळांच्या जिवावर चाललेला तिचा जुना धंदा उघडा पडतो.

या नाटकात रंगमंचावर एकही पुरुष येत नाही, सगळी पात्रे स्त्रियांची आहेत. मला ही या नाटकातली सर्वांत खरी गोष्ट वाटते. कारण प्रत्यक्षातही तसेच होते. मूल दोघांचे, पण कलंक, भाडे, उपासमार आणि रात्रीचे जागरण एकटीचे. बाप दृश्यातून गायब.

१९५२ साली या नाटकावर चित्रपट निघाला. सेन्सॉरने त्याला 'एक्स' प्रमाणपत्र दिले. सोळा वर्षांखालील मुलांना बंदी घालणारे हे प्रमाणपत्र १९५१ च्या जानेवारीतच सुरू झाले होते आणि ते मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या ब्रिटिश चित्रपटांपैकी हा एक. कुमारी मातेला घर नाकारणे समाजाला अश्लील वाटत नव्हते. ते पडद्यावर दाखवणे मात्र सांभाळून करण्याची गोष्ट ठरली!

रेमनबाईंनी हे हवेतून आणले नव्हते. १८३४ च्या गरीब कायद्याने लग्नाबाहेरच्या मुलाची जबाबदारी मुख्यतः आईवर टाकली. बापाकडून पैसे मिळवून दिले तर अनीती वाढेल, हा त्यामागचा युक्तिवाद. १८४४ मध्ये आईला बापाविरुद्ध कोर्टात जाता येऊ लागले, पण बापाचे नाव सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच राहिला. मोलकरणीची नोकरी करणाऱ्या मुलीने मूल ठेवायचे कुठे? त्यातून पैसे घेऊन बाळे सांभाळणाऱ्या बायकांचा धंदा वाढला. वर्तमानपत्रात उघड जाहिराती येत. ठोक रक्कम एकदाच घेतली की बाळ जितके लवकर मरेल तितका नफा जास्त. १८७० मध्ये मार्गारेट वॉटर्सला फाशी झाली आणि १८७२ मध्ये अर्भकांच्या रक्षणाचा कायदा आला. तरी १८९६ मध्ये अमेलिया डायर पकडली गेलीच. बाळांचे गळे आवळून ती त्यांना थेम्स नदीत फेकत असे. तिलाही फाशी झाली.

फाशी झाली म्हणून प्रश्न सुटला का? नाही. कारण डायरकडे गिऱ्हाईक पाठवणारा समाज जागच्या जागी होता. कायद्याच्या जुन्या भाषेत लग्नाबाहेरचे मूल म्हणजे 'कोणाचेच नसलेले' मूल. १९२६ च्या कायद्याने आईबापांनी नंतर लग्न केले तर मूल औरस ठरू लागले, पण जन्माच्या वेळी दोघांपैकी कुणाचे दुसऱ्याशी लग्न झालेले असेल तर नाही. मृत्युपत्र न करता बाप मेला तर त्याच्या मिळकतीत अशा मुलाला हक्क मिळायला १९६९ उजाडावे लागले.

आता नाटकाची मर्यादा पाहू. प्रेक्षक दुष्ट घरमालकिणीचा राग घेऊन घरी जातो आणि स्वतः सुटतो. पण त्याच काळात अगदी प्रतिष्ठित मार्गाने काय चालू होते? चर्च आणि धर्मादाय संस्थांच्या प्रसूतिगृहांत मुलींना साधारणपणे बाळंतपणाच्या सहा आठवडे आधी ठेवत आणि नंतर काही आठवड्यांत बाळ दत्तक दिले जाई. ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने २०२२ च्या अहवालात १९४९ ते १९७६ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अविवाहित मातांची सुमारे १,८५,००० बाळे दत्तक गेल्याचा अंदाज दिला. अनेक मातांनी समितीला सांगितले की आमच्यापुढे पर्यायच ठेवला नव्हता. २०२३ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्सच्या सरकारांनी अशा मातांची माफी मागितली. हे करणाऱ्या कुणी डायर नव्हत्या. सभ्य नर्सेस होत्या, पाद्री होते, माझ्यासारख्या समाजकार्यकर्त्या होत्या. हे वाक्य लिहिताना माझा हात थबकतो, पण लिहिले पाहिजे.

इथे बाबासाहेब उपयोगी पडतात. १९१६ च्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी दाखवले की गटाची कुंपणे टिकवायची तर बाईवर नियंत्रण ठेवावे लागते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे त्याचे मार्ग. इंग्लंडमध्ये जात नव्हती, म्हणून तिथले दुःख आणि आपले दुःख एकच, असे मी म्हणत नाही. पण वारसा, मिळकत आणि कुळाची अब्रू यांचे कुंपण तिथेही होते आणि त्याची राखण बाईच्या शरीरावरच होत होती. नाटक आले त्याच वर्षी, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिपद सोडले. बाईचा वारसा आणि विवाह हा राजकारणाचा गाभा आहे, हे त्यांना नेमके कळले होते.

आणि दुसरी वाट होती का? होती. लंडनच्या त्या नाटकाच्या कितीतरी आधी पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने यावे, निर्धास्त बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे हे तिने ठरवावे. निर्णय आईचा! अशाच एका विधवेच्या यशवंतला त्यांनी आपला मुलगा मानले. इंग्लंडच्या सभ्य संस्थांनी जे विसाव्या शतकात नाकारले, ते फुले दांपत्याने एकोणिसाव्या शतकात दिले.

म्हणून मित्रांनो, अत्याचार उघड झाला की एक खलनायक पकडून समाधान मानू नका. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यानंतर विचारा : पीडितेसाठी बाकीचे दरवाजे कोणी बंद केले होते? आणि वस्तीत उद्या अशी एखादी मुलगी तुमच्या दारात आली, तर ते दार उघडणार आहे का?

जय भीम!