आहारविकार, तरुणांमधील : ओळख आणि मदत

आहारविकार : अन्न, वजन किंवा शरीराचा आकार यांविषयीच्या तीव्र चिंतेमुळे अथवा खाण्यावरचा ताबा सुटल्यामुळे शरीर आणि मन दोन्ही खचवणारा मानसिक आजारांचा गट. सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत किंवा ऐन तारुण्यात होते. प्रमाण मुलींमध्ये अधिक असले तरी मुलांनाही हे आजार होतात. हा हट्ट किंवा नखरा नव्हे. उपचारांनी हे आजार बरे होऊ शकतात.

प्रकार : ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी १८७० च्या दशकात रूढ केले. यात रुग्ण जेवण तोडत जातो आणि वजन घातक पातळीपर्यंत उतरते. ‘बुलिमिया नर्व्होसा’चे वर्णन जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. यात अनावर खाणे आणि त्यानंतर उलटी, जुलाबाची औषधे किंवा अतिव्यायाम असे चक्र चालते. वजन मात्र सर्वसाधारण राहू शकते. अशी भरपाई न करता वारंवार अनावर खाण्याच्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत २०१३ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले.

माटुंग्याचा संदर्भ : रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय, आयसीटी अशा संस्थांमुळे मुंबईतील माटुंग्यात हजारो विद्यार्थी दिवसभर घराबाहेर असतात. कित्येकांचे घरच्यांसमोर होणारे जेवण रात्रीचे एकच, वसतिगृहात तेही नाही. त्यामुळे ‘कॉलेजात खाल्लं’, ‘डाएटवर आहे’, ‘ॲसिडिटी झालीय’ ही उत्तरे खपून जातात. त्यात चतुर्थी, नवरात्र, जैनांच्या पर्युषणातली आठ दिवसांच्या उपवासाची अठ्ठाई यांमुळे न जेवणे परिचयाचे. १९८९ मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातील शाळकरी मुलींची पाहणी प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य प्रश्नावलीतल्या काही प्रश्नांना मुलींनी दिलेले होकार धार्मिक उपवास आणि रूढींमुळे होते, असे त्यांना दिसले. म्हणून उपवास म्हणजे आजार नव्हे. पण पारण्याचा दिवस उलटूनही जेवण टळत राहिले, तर विचारपूस करावी. भारतातील काही रुग्ण जाड होण्याची भीती बोलून दाखवत नाहीत. ‘पोट जड वाटतं’, ‘भूकच नाही’ एवढेच सांगतात.

लक्षणे : एकत्र जेवणे टाळणे, ताटात अन्न चिवडत बसणे, जेवताच न्हाणीघर गाठणे, सतत आरशात पाहणे किंवा वजन करणे, आजारपणातही व्यायाम न सोडणे, ढगळ कपडे, चिडचिड, मित्रमैत्रिणींपासून तुटणे. शरीरावर थंड हातपाय, केस गळणे, पाळी थांबणे, गाल सुजणे, दातांची झीज, बोटांच्या सांध्यांवर घट्टे. मुलांमध्ये स्नायू कमावण्याचा ध्यास हे रूप दिसू शकते. भोवळ, छातीत धडधड, मंद नाडी, रक्ताची उलटी किंवा आत्महत्येचे विचार असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वारंवारच्या उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते.

घरच्यांनी काय करावे : ‘किती वाळलीस’ किंवा ‘आता बरी दिसतेस’ असे शेरे टाळावेत. ‘जेवायच्या वेळी तू अस्वस्थ होतेस, मला काळजी वाटते’ असे एकांतात, न रागावता सांगावे. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातले फॉस्फेट घसरून जिवाला धोका होतो. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवावा.

मदत कोठे : शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे केईएम ही महापालिकेची रुग्णालये माटुंग्याच्या जवळ आहेत; तेथे केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येते. लहान मुलांसाठी परळचे वाडिया बाल रुग्णालय आहे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतही बोलता येते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा दूरध्वनीवर समुपदेशन करते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला असून मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे.

उपचार : मनोविकारतज्ज्ञ, फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून उपचार करतात. किशोरवयीन ॲनोरेक्सियात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झालेली कुटुंबाधारित पद्धत उपयुक्त ठरली आहे. तीत पालकांना दोष न देता जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे सोपवतात. बुलिमियात बोधात्मक वर्तनोपचार परिणामकारक ठरतो. बरे होण्यास महिने, कधी वर्षे लागतात आणि आजार उलटूही शकतो. उपचार जितके लवकर, तितकी पूर्ण बरे होण्याची शक्यता अधिक; म्हणून वजन घटण्याची वाट न पाहता पहिल्या शंकेलाच डॉक्टरांकडे जावे.