मळखाऊ रंगांची नावं

मोताळ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागं आमच्यातल्या एका ताईची विमा काढलेली शेळी मेली. कानातला बिल्ला आधीच कुठंतरी पडला होता. कागदावर रंग लिहिला होता ‘ब्राऊन’. ताईकडं शेळ्या तीन: एक खैरी, एक भुरी, एक तपकिरी. कागदाच्या हिशेबानं तिन्ही ब्राऊनच! मेली ती कोणती, हे पटवून देताना ताईच्या नाकी नऊ आले.

मग गटाच्या बैठकीत आम्ही असे मळखाऊ रंग मोजायला बसलो. राखेवरून राखाडी, मातीवरून मातकट, विटेवरून विटकरी, गव्हावरून गव्हाळ, शेवाळावरून शेवाळी. ज्या खैराच्या झाडापासून कात काढतात, त्यावरून खैरा. रंगाची नुसती झाक असली तर काळपट, तांबूस, पिवळसर, पांढुरका. सगळी नावं चुलीजवळची, नाहीतर शेतातली.

या नावांत इतिहासही आहे. तपकीर म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड. तंबाखू आपल्या देशात आणली पोर्तुगीजांनी. म्हणजे रंग जुना, पण ‘तपकिरी’ हे नाव त्यानंतरचं.

पोलिसांची खाकी घ्या. फारसी भाषेत खाक म्हणजे धूळ. 1846 मध्ये पेशावरला इंग्रजांनी ‘गाईड्स’ नावाची पलटण उभारली. धुळीच्या मुलखात शिपाई दुरून उठून दिसू नयेत, म्हणून पुढं त्यांना धुळीच्या रंगाचे कपडे दिले. तिथून हा रंग इंग्रजांच्या सगळ्या फौजेत गेला आणि ‘खाकी’ हा शब्द इंग्रजीत जसाच्या तसा राहिला.

दुकानात हल्ली ‘बेज’ रंग म्हणतात. तो शब्द फ्रेंच लोकांचा. न रंगवलेल्या लोकरीच्या कापडाला ते बेज म्हणत. म्हणजे त्यांनीही नाव आपल्या हाताखालच्या वस्तूवरूनच ठेवलं. मग आपली नावं आपण का टाकायची?

आता गटाच्या वहीत आम्ही लिहितो: ‘शेळी खैरी, कपाळावर पांढुरका ठिपका, पाय काळपट.’ विम्याच्या कागदावरही हेच लिहून घेतो आणि सही करण्याआधी वाचून पाहतो.

तुमच्या घरातल्या आजीला विचारा, तिच्याकडं आणखी नावं निघतील. तीही वहीत लिहून ठेवा.